अंगठा जपून द्या!



कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण आहे. ही शिकवण त्यांनी फुकट मिळवलेली नव्हती. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नसे. शंभराचे तीनशे कधी झाले आणि जमीन कधी गहाण पडली, हे कज्जा उभा राहिल्यावरच कळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या गावी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे व हुकूमनामे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोचले.

त्यानंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, दिलेल्या पैशाची लेखी पावती शेतकऱ्याला मिळावी आणि त्याचा हिशेब त्याला पासबुकात मिळावा. म्हणजे अंगठा कशावर उठतो हे तिसऱ्या माणसासमोर ठरावे, आणि कागदाचा पुरावा शेतकऱ्याच्या हाती राहावा.

आज वही गेली आणि हाताएवढे यंत्र आले. रेशनच्या दुकानात, बँक मित्राकडे, सेवा केंद्रात, सिमकार्ड घेताना आपण अंगठा देतो. यंत्र ‘टुक’ करते आणि काम होते. पण कशासाठी अंगठा दिला, त्यातून काय काय झाले आणि पावती कुठे आहे, हे किती जण विचारतात? शासनाच्या योजना घरोघरी पोचविणे हे आम्हा विस्तार कार्यकर्त्यांचे काम. आधार जोडा, शेतकरी ओळख क्रमांक काढा, असे आम्हीच सांगतो. मग त्यातली काळजीही आम्हीच सांगितली पाहिजे.

आधार म्हणजे नेमके काय?

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हा क्रमांक बारा अंकी असतो. नोंदणी करताना नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, पत्ता आणि फोटो घेतला जातो. त्याशिवाय दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेतात. जात, धर्म किंवा उत्पन्न यांची नोंद आधारमध्ये होत नाही. पाच वर्षांखालील बालकाचे ठसे घेत नाहीत. पाच वर्षे झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात.

ही सर्व माहिती ‘भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण’ या केंद्र सरकारच्या संस्थेकडे साठवलेली असते. आपण यंत्रावर बोट ठेवले की ठसा आणि क्रमांक तिकडे जातात. जुळणी होऊन ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते. ई-केवायसी असेल तर आपले नाव, पत्ता, फोटोही मागणाऱ्याकडे जातो.

आता एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. आधार क्रमांक म्हणजे घराचा पत्ता. तो कोणाला कळला म्हणून लगेच घर लुटले जात नाही. पण चोराला पहिली माहिती मिळते. मोबाईलवर येणारा ओटीपी ही दाराची किल्ली. ती एकदाच चालते आणि थोड्या वेळाने बाद होते. बोटाचा ठसा हीसुद्धा किल्लीच. पण ती जन्मभर एकच राहते. कुलूप बिघडले तर नवे आणता येते, एटीएमचा पिन बदलता येतो. अंगठ्याचा ठसा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला तर नवा अंगठा कोठून आणणार? सगळी काळजी घ्यायची ती यासाठी.

ठसा चोरीला कसा जातो?

पुष्कळांना वाटते, अंगठा आपल्या हाताला आहे, तो कोण चोरणार? पण ठसा आपण ठिकठिकाणी ठेवून येतो. जमिनीचे खरेदीखत करताना आपले फोटो आणि बोटांचे ठसे दस्तावर घेतात. नोंदणी कायद्यात २००१ मध्ये तशी तरतूद झाली, आणि तिचा हेतू चांगलाच होता: खोटा माणूस उभा करून कोणी जमीन विकू नये. पुढे हे दस्त संगणकावर आले आणि काही राज्यांत संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येऊ लागले. चोरांची नजर तेथे गेली.

२०१८ मध्ये तेलंगणातील पेद्दपल्ली जिल्ह्यात सिमकार्ड विकणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी पकडले. त्याने जमिनीच्या दस्तांवरील ठसे उतरवून हजारो खोटे ठसे तयार केले होते आणि त्यांवर परस्पर सिमकार्डे चालू केली होती. २०२३ मध्ये कर्नाटक आणि पश्चिम बंगालमध्ये याच्या पुढचा प्रकार उघडकीस आला. नोंदणी खात्याच्या दस्तांतून ठसा आणि आधार क्रमांक घेऊन लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढण्यात आले. खातेदार घरी बसलेला, पासबुक पेटीत, आणि पैसे मात्र गेलेले.

हे शक्य होते ते आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीमुळे. गावातला बँक मित्र छोट्या यंत्रावर आपला अंगठा घेऊन पैसे देतो, ती हीच सोय. तिला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढेच लागते. ओटीपी नाही, पिन नाही. ज्या म्हातारीला तालुक्याच्या बँकेत जायला एस.टी.चे भाडे आणि एक दिवसाचा रोजगार मोडावा लागे, तिला निराधार योजनेचे पैसे गावातच मिळू लागले, हा या सोयीचा मोठा उपकार आहे. म्हणून ती वाईट म्हणता येणार नाही. पण जे उघडायला सोपे ते चोरालाही सोपे असते.

प्राधिकरणाने २०२३ मध्ये खोटा आणि जिवंत ठसा ओळखण्यासाठी नवी तपासणी सुरू केली. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये अशी यंत्रे चालविणाऱ्यांची कसून तपासणी करण्याचे आदेश बँकांना दिले आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू केले. या सुधारणा चांगल्या आहेत. पण वाघूर लावली म्हणून कोणी राखण सोडत नाही.

दुसरा प्रकार अगदी साधा आहे आणि त्याला खोटा ठसाही लागत नाही. यंत्र चालविणारा म्हणतो, “आजी, ठसा उमटला नाही, पुन्हा बोट ठेवा.” आजी पुन्हा बोट ठेवते. पहिल्या वेळी पैसे निघालेले असतात, दुसऱ्या वेळी पुन्हा निघतात, आणि आजीच्या हाती एकदाचेच पडतात. काही वेळा ठसा खरोखरच उमटत नाही. खरे-खोटे पावतीवरूनच कळते.

न विचारता झालेले व्यवहार

लबाडी गल्लीतल्या भामट्याकडूनच होते असे समजू नये. २०१७ मध्ये एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या बाबतीत तक्रारी आल्या. लोकांनी सिमकार्डाच्या तपासणीसाठी अंगठा दिला, आणि त्याच अंगठ्यावर कंपनीच्या बँकेत त्यांची खाती उघडली गेली. गॅसचे अनुदान शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे ते या नव्या खात्यात जमा होऊ लागले. गृहिणी नेहमीच्या बँकेत चौकशी करीत राहिल्या. डिसेंबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने त्या कंपनीची आधार तपासणीची परवानगी काही काळ थांबविली आणि वळलेली रक्कम परत करावी लागली.

सरकारी कार्यालयांकडूनही हयगय झाली. केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकासह उघड्या पडल्या होत्या, हे २०१७ मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात प्राधिकरणानेच सांगितले. जानेवारी २०१८ मध्ये चंदीगडच्या एका इंग्रजी दैनिकाने छापले की पाचशे रुपयांत कोणाच्याही आधारची माहिती पाहण्याची वाट दलालांकडून मिळते. बोटांच्या ठशांचा मूळ साठा फुटलेला नाही, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. कणगी फुटली नाही हे मान्य केले, तरी वाटेत दाणे सांडतात ते वेचणारे टपलेलेच असतात.

राबणारे हात आणि न उमटणारे ठसे

शेतकरी घरांच्या दृष्टीने आणखी एक अडचण मोठी आहे. ऊस तोडणारे, खुरपणारे, चुना-सिमेंटात काम करणारे आणि भांडी घासणारे हात झिजतात. वय झाले की त्वचा पातळ होते, रेषा पुसट होतात. हिवाळ्यात बोटे फुटतात. मग यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हे! ज्या हातांनी धान्य पिकविले, त्यांनाच धान्य नाकारले जाते.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी दगावली. आधार न जोडल्याने रेशनकार्ड रद्द झाले आणि उपासमार झाली, असे कुटुंबाने सांगितले. सरकारने मृत्यूचे कारण आजार असल्याचे म्हटले. वाद काहीही असो, त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने स्पष्ट सूचना काढली की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याचे धान्य अडवू नये. आधारच्या कायद्यातही, क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा मार्ग देण्याची तरतूद आहे.

म्हणून ठसा उमटत नसेल तर गप्प परत फिरू नये. हात स्वच्छ धुऊन, पुसून दुसरे बोट ठेवून पाहावे. दहांपैकी कोणते बोट चांगले उमटते ते एकदा समजून घ्यावे. रेशन घेताना कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा ठसा चालतो. मोबाईल आधारला जोडलेला असेल तर काही कामांना ओटीपी चालतो. पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी चेहरा दाखवूनही काम होते. वारंवार अडचण येत असेल तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्यावेत. तरीही धान्य नाकारले तर दुकानदाराकडे थांबू नका, तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

शेतकरी ओळख क्रमांकाविषयी

सध्या गावोगावी ‘ॲग्रिस्टॅक’ हा शब्द ऐकू येतो. त्यात शेतकऱ्याचा आधार आणि सातबारावरील जमीन यांची सांगड घालून त्याला ओळख क्रमांक मिळतो. आपल्या राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी हा क्रमांक आवश्यक केला आहे. एकदा जमिनीची खात्री पटली की प्रत्येक योजनेसाठी त्याच त्या कागदांचे भेंडोळे न्यावे लागू नये, हा त्यामागचा विचार आहे.

परंतु कोणाची किती जमीन, कोणत्या गटात, हे सर्व एका क्रमांकाशी जोडले जाते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नोंदणी करताना एकाहून अधिक वेळा ओटीपी येतो आणि शेवटी ई-स्वाक्षरी होते. ही स्वाक्षरी म्हणजे आपला अंगठाच समजा. तिच्याआधी आपले सर्व गट क्रमांक आले का, क्षेत्र सातबाराप्रमाणे आहे का, सामाईक खात्यातला आपला हिस्सा बरोबर आहे का, हे पडद्यावर वाचून घ्या. मोबाईल क्रमांक आपला किंवा घरातल्या माणसाचा द्या. केंद्रवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक दिला तर पुढचे सगळे ओटीपी त्यांच्याकडे जातील.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो?

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की माणसाचे खासगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे. आपल्या घरची, अंगाची, पैशाची माहिती कोणाला द्यायची, यावर आपला अधिकार आहे, असा त्याचा साधा अर्थ.

पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आधारचा कायदा कायम ठेवला. सरकारी अनुदान व योजनांसाठी आधार मागता येईल आणि प्राप्तिकराच्या पॅनला तो जोडावा लागेल, असे ठरले. मात्र बँक खाते व मोबाईल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. शाळेच्या प्रवेशासाठीही सक्ती करता येत नाही. एका न्यायमूर्तींनी संपूर्ण कायद्यालाच विरोध नोंदविला. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, ग्राहकाची स्वतःची इच्छा असेल तर बँक व मोबाईलसाठी आधार वापरता येतो.

याच कायद्यात असेही म्हटले आहे की ठसा घेण्यापूर्वी आपली संमती घ्यावी आणि माहिती कशासाठी वापरणार ते सांगावे. बोटांचे ठसे व बुबुळांची नोंद कोणालाही देता येत नाही. माणसांच्या माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये आणखी एक कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. म्हणजे “कशासाठी अंगठा घेता?” असे विचारणे हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

घरोघरी पाळायच्या गोष्टी

१. अंगठा देण्यापूर्वी विचारावे: कशासाठी, किती रुपयांसाठी? पडदा आपल्याकडे वळवायला सांगावा.

२. प्रत्येक वेळी छापील पावती घ्यावी. ठसा पुन्हा मागितला तर आधीचा व्यवहार फसल्याची पावती आधी मागावी. पावत्या सातबाराच्या पिशवीत जपून ठेवाव्यात.

३. बँकेत मोबाईल क्रमांक नोंदवून घ्यावा, म्हणजे पैसे निघाल्याचा संदेश येतो. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावा. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणावे.

४. आधारचे ठसे ‘लॉक’ करता येतात. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ही सोय मोफत आहे. लॉक असताना कोणी खोटा ठसा लावला तरी यंत्र नकार देते. मात्र रेशन घेण्यापूर्वी किंवा पैसे काढण्यापूर्वी ते आठवणीने उघडावे लागते. जो अंगठ्यावर पैसे काढतच नाही, त्याने लॉक ठेवणेच बरे.

५. झेरॉक्स कोठेही टाकू नये. देणे भागच असेल तर त्यावर कोणाला, कशासाठी व कोणत्या तारखेला दिली ते लिहून आडवी सही करावी. फक्त शेवटचे चार अंक दिसणारे आधारही संकेतस्थळावरून काढता येते. जेथे चालेल तेथे तेच द्यावे.

६. गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कोठे कोठे वापरले गेले याची यादी संकेतस्थळावर पाहता येते. शिकलेल्या मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांची यादी अधूनमधून पाहावी.

७. फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नये, तो साहेबाचे नाव सांगो की बँकेचे. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ची फाईल आली तर ती उघडू नये. त्या फाईलमधून मोबाईलच चोराच्या ताब्यात जातो. योजनेचा वर्षाचा ६,००० रुपयांचा लाभ तीन हप्त्यांत बँक खात्यात आपोआप येतो. त्यासाठी अशी फाईल लागत नाही.

८. घरातील लक्ष्मीचे खाते तिच्याच मोबाईलला जोडावे. तिचा अंगठा आणि तिचा ओटीपी हा तिचा हक्क आहे.

पैसे गेलेच तर?

लाजू नये आणि वाट पाहू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. सायबर गुन्ह्यातील पैसे अडविण्यासाठी हा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडविण्याची आशा जास्त. त्याच दिवशी आपल्या बँकेच्या शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. खातेदाराची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळविले, तर नुकसान खातेदारावर पडू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिला. उशिराने हा आधार कमी होत जातो. मग पोलिसांत तक्रार द्यावी आणि आधारविषयीच्या मदतीसाठी १९४७ वर फोन करावा आणि ठसे लॉक करून घ्यावेत.

गावाने काय करावे?

एकट्याने विचारले तर यंत्रवाला चिडतो, चार जणांनी विचारले तर तो सांगतो. ग्रामसभेत हा विषय जरूर घ्यावा. गावात अंगठ्यावर पैसे देणारे कोण कोण आहेत, ते कोणत्या बँकेचे आहेत, दराची पाटी आणि पावतीचे यंत्र आहे का, याची माहिती फळ्यावर लावावी. लाभार्थ्यांची यादी लावताना तीत आधार क्रमांक लिहू देऊ नये. बचत गटाच्या बैठकीत पावती वाचायला शिकवावे. रेशनच्या दिवशी गावातल्या दोन शिकलेल्या मुलांनी दुकानात थांबून म्हाताऱ्या माणसांना मदत करावी.

आधारला घाबरून घरी बसण्यात शहाणपण नाही. हप्ता, रेशन, विमा सगळे त्यावर येऊन थांबले आहे. पण आपल्या पणजोबांनी झगडून पावती आणि हिशेब मिळविला होता, तो आपण यंत्रासमोर सोडून देऊ नये. बाजारात बैलाचे दात पाहिल्याशिवाय आपण विसार देत नाही. अंगठा देतानाही तेवढेच पाहावे, विचारावे आणि मगच द्यावा.